टीप पाहा

पुस्तक संपलं असं वहिनींना किती वेळा वाटलं होतं, त्याची गणती नाही. शेवटच्या पानावर पूर्णविराम पडला की भाऊजी दारात येऊन उभे राहायचे. हातात चष्मा, आणि तोंडावर दूध सांडून आलेल्या मांजराचा भोळेपणा.

"वहिनी, एक छोटीशी टीप घालायची राहिली."

"किती छोटी?"

"चार ओळींची. फार तर पाच."

मग उठलेल्या वहिनी पुन्हा खुर्चीत बसायच्या.

भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. त्यांनी एक भाषा तयार केली होती. माणसांनी एकमेकांशी बोलायची नव्हे, माणसाने संगणकाला काम सांगायची. तिचं नाव त्यांनी 'सरळ' ठेवलं होतं. तरुणपणी चांगली नोकरी सोडून ते घराच्या पुढच्या खोलीत बसले ते अजून बसलेलेच होते. वहिनी आधी शाळेत शिकवायच्या. त्यांचं एक वाक्य वाचलं की ते दुसऱ्यांदा वाचावं लागत नसे, म्हणून एके दिवशी भाऊजी म्हणाले, "भाषा माझी, समजावणं तुमचं." तेव्हापासून 'सरळ'चं पुस्तक वहिनींच्या माथी आलं. भाषा कशी लिहायची, कुठला शब्द कशासाठी, चुकलं तर काय करायचं, सगळं त्यात.

पण त्या घरात हळूहळू एक रीत पडून गेली. भाषेत काही वाकडं निघालं की ते नीट करायचं सोडून पुस्तकात त्याची टीप जायची. शून्याने सुरू होणारा आकडा भाषेला गिळता येत नसे, टीप. दोन माणसांची नावं सारखी निघाली की दुसरा माणूस गायब होई, टीप. भाऊजींचं म्हणणं ठरलेलं होतं, "लिहून ठेवलं की तो दोष राहत नाही वहिनी, तो नियम होतो."

गाणाऱ्याचा सूर उतरला की मागचे टाळ जोरात वाजू लागतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं काय रंग भरलाय! तसं या पुस्तकाचं झालं होतं. वहिनींचे यजमान ते जाडजूड बाड हातात तोलून म्हणायचे, "भाष्य सापडलं. मूळ ग्रंथ कुठंय?"

वहिनी हसायच्या. अलीकडे हसायचंही त्यांच्या जिवावर येई.

'सरळ' वापरणारे एकेक करून निघून गेले होते. वाचनालयाने सोडली, शीतगृहाने सोडली. आता उरला होता शहराचा बस डेपो. कुठल्या चालकाला कुठली पाळी, ही यादी तिथे गेल्या आठवड्यापासून 'सरळ'मध्ये होत होती, प्रयोग म्हणून. आज सकाळी डेपोतल्या माणसांना भाषेची ओळख करून द्यायची, आणि ती झाली की मॅनेजरबाई मंजुरीच्या कागदावर सही करणार, असं ठरलं होतं.

"डेपोने नाही म्हटलं तर खोलीला कुलूप लावतो आणि लेकीकडे जाऊन राहतो," भाऊजी बसमध्ये खिडकीबाहेर बघत म्हणाले. "भाषा बोलणारं कोणी उरलं नाही की ती मेलीच की."

वहिनींनी मांडीवरचं पुस्तक दुसऱ्या मांडीवर घेतलं. पहिलीला मुंग्या आल्या होत्या.

डेपोतली विश्रांतीची खोली लांबट होती. भिंतीला लोखंडी कपाटं, कोपऱ्यात पाण्याचं पिंप, आणि डिझेलचा वास असा मुरलेला की खिडकी उघडली तर तोच अजून आत यावा. बाकांवर माणसं बसली होती. पुढे मॅनेजरबाई, ताठ. त्यांच्याशेजारी पाळ्यांची यादी करणारा कारकून, पुस्तक छातीशी धरून, परीक्षेला आल्यासारखा. मागे एक तिकीट तपासनीस. त्याच्या जिभेमुळे सगळा डेपो त्याला 'कात्री' म्हणायचा. आणि भिंतीला टेकून एक वयस्क चालक, ज्यांना सगळे तात्या म्हणत होते. तात्यांचे डोळे उघडे होते, पण आत दिवा दिसत नव्हता.

आधी भाऊजी उभे राहिले. भाषा का केली, कुठल्या विचारातून केली, हे ते सांगू लागले. कीर्तनाला उभं राहिलेल्या बुवांनाही माहीत असतं, की नुसतं निरूपण लांबलं की माणसं चपला शोधायला लागतात. भाऊजींना कोणी हे सांगितलं नव्हतं. कात्रीने जांभई दिली, ती बाकावरून फिरत फिरत मॅनेजरबाईंपर्यंत गेली, आणि त्यांनी ती रुमालात घेतली.

वहिनी हळूच पुढे झाल्या. "भाऊजी, जरा बसता? पाणी प्या."

मग त्या माणसांकडे वळल्या. "तुम्ही चालकाला काय सांगता? स्टेशनला जा. बरोबर? क्लच दाब, गियर टाक, उजवीकडे बघ, असं सांगत नाही."

"नवा असला तर तेही सांगावं लागतं," कात्री म्हणाला. "गेल्या महिन्यातल्याला तर ब्रेक कुठंय तेही सांगितलं."

खोली हसली. वहिनीही हसल्या.

"संगणक म्हणजे कायमचा नवा चालक आहे. त्याला जन्मभर क्लच दाब, गियर टाक, असंच सांगावं लागतं. एकेक बारीक गोष्ट. तशा भाषा आहेत, पण त्यात लिहिता लिहिता माणूस म्हातारा होतो. म्हणून वरच्या पायरीच्या भाषा निघाल्या. तुम्ही तिला म्हणायचं, स्टेशनला जा. क्लच-गियरचं काय ते भाषा खाली उतरून यंत्राला सांगते. 'सरळ' ही अशी वरच्या पायरीची भाषा आहे."

त्यांनी फळ्यावर लिहिलं:

*जर विश्रांती ८ तासांपेक्षा कमी, तर पाळी देऊ नको.*

"हे वाक्य म्हणजेच प्रोग्राम?" मॅनेजरबाईंनी विचारलं.

"हेच. आणि हे प्रत्येक चालकाला लावायचं असेल तर वर एकदाच लिहायचं, *सगळ्या चालकांसाठी पुन्हा पुन्हा.* धृपदासारखं. कडवं बदलतं, धृपद तेच परत येतं."

मॅनेजरबाईंनी मान डोलावली. त्यांच्या समोर मंजुरीचा कागद होता आणि त्यांनी पेनचं टोपण काढून बाजूला ठेवलं. भाऊजींनी ते पाहिलं. वहिनींनी भाऊजींना पाहताना पाहिलं. कितीतरी वर्षांनी त्या माणसाच्या चेहऱ्यावरची सुरकुती जरा सैल झाली होती.

"आता तुम्ही लिहून बघा," वहिनी म्हणाल्या. "सोपं घेऊ. प्रत्येकाने आपली कालची पाळी लिहायची. तात्या, तुमच्यापासून करू या. काल तुम्ही कधीपासून कधीपर्यंत होता?"

तात्यांनी सावकाश त्यांच्याकडे पाहिलं. "काल म्हणजे कुठला हो बाई?"

"काल. कालचा दिवस."

"मी झोपलोच नाही अजून. माझा कालच चालू आहे."

पुन्हा हशा झाला. कात्री म्हणाला, "तात्या, घरी काकूंना विचारा, काल संपला का ते!"

वहिनी हसल्या नाहीत. "झोपला नाहीत म्हणजे?"

"रात्री दहाला गाडी काढली, सकाळी सहाला लावली. घरी जायला निघालो, तर यादीत नाव. सकाळी शिकवणी, आणि बारा वाजता घाटाची गाडी." तात्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढून दाखवली, जणू पुरावा. "म्हटलं यंत्राने लावलंय, तर बरोबरच असणार. ते काय माणसासारखं डावंउजवं करतंय थोडंच."

वहिनींनी फळ्यावरच्या आपल्याच वाक्याकडे पाहिलं. मग कारकुनाकडे.

कारकून आधीच उभा राहिला होता. "मी पुस्तकाप्रमाणेच केलं, बाई! रात्री बारा ओलांडणारी पाळी भाषेला कळत नाही. टिपेत लिहिलंय, दोन तुकडे करा. मी केले. दहा ते बारा एक, बारा ते सहा दुसरा. मग ती म्हणाली, दोन तुकड्यांमध्ये विश्रांती नाही, पाळी देता येत नाही. म्हणून पुढची टीप पाहिली. तिच्यात लिहिलंय, दुसरा तुकडा विश्रांतीच्या हिशेबातून वगळा. वगळला."

"आणि त्याच्या पुढची टीप?"

"त्याच्या पुढे लिहिलंय, मागची टीप पाहा." त्याचा आवाज रडवेला झाला. "मी मागची पाहिली बाई. दोनदा पाहिली."

आता वहिनींना सगळं दिसलं. भाषेच्या हिशेबात तात्या रात्री बारा वाजताच घरी गेले होते. पहाटेपर्यंत गाडी हाकणारा माणूस यंत्राच्या लेखी गाढ झोपला होता. इतका ताजातवाना माणूस डेपोत दुसरा नव्हता, म्हणून तर शिकवणीलाही त्यांचंच नाव आलं होतं आणि घाटालाही. असा प्रसंग आल्यास भाषा वापरणाऱ्याने विश्रांती स्वतः तपासावी, असंही एक वाक्य पुस्तकात होतं. कुठल्या पानावर, ते वहिनींनाही चटकन आठवेना. शब्द मात्र आठवले. 'कृपया लक्षात घ्यावे' असं ते सुरू होत होतं.

भाऊजी उठून जवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, टीप आहे आपली. मी नंतर समजावतो त्यांना. सही होऊ दे."

मॅनेजरबाईंनी पेन उचललं होतं. "काही अडचण आहे का?"

बाहेर कुठलीतरी बस मागे घेत होती आणि कोणीतरी तिच्या पत्र्यावर थाप मारत 'येऊ दे, येऊ दे' म्हणत होतं. तात्या किल्ली मुठीत धरून पुन्हा भिंतीला टेकले होते. तोंड किंचित उघडं. देवाने झोप दिली ती राजाला आणि हमालाला एकाच मापाने, आणि इथे आपल्या पुस्तकाने ती या माणसाच्या ताटातून उचलून नेली होती, तीही नम्र भाषेत.

"बाई, आज सही करू नका," वहिनी म्हणाल्या. "आणि तात्यांना घाटावर पाठवू नका. त्यांना घरी पाठवा."

भाऊजी जागच्या जागी थांबले. मॅनेजरबाईंनी एकदा वहिनींकडे, एकदा तात्यांकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"म्हणजे ही यादी चूक आहे?"

"यादी करणाऱ्याची चूक नाही. भाषेला रात्र कळत नाही. आम्हाला ते माहीत होतं, आणि आम्ही ते नीट करायच्या ऐवजी लिहून ठेवलं."

कात्री उठला, तात्यांजवळ गेला आणि त्यांच्या मुठीतून किल्ली सोडवून घेतली. "चला तात्या. तुमचा काल संपवून या. घाटाला दुसरा कोणी बघू."

"यंत्र रागावेल रे," तात्या झोपेतच म्हणाले.

"त्याला मी बघतो. विनातिकीट आलंय ते."

मॅनेजरबाईंनी पेनाला टोपण लावलं. कागद फाडला नाही, घडी करून ठेवला. पण ती घडी फार बारीक घातली होती.

परतीची बस यायची होती. डेपोबाहेरच्या बाकावर दीर-भावजय बसले. मध्ये पुस्तक.

"चारचौघांत सांगायचं काय अडलं होतं?" भाऊजी म्हणाले. रागही थकलेलाच होता.

"तात्या किल्ली घेऊन बसले होते भाऊजी."

"टीप होती ना पुस्तकात!"

"टीप गाडी चालवत नाही."

भाऊजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. काच होती तशीच धुरकट राहिली. "तो पाया आहे वहिनी. मी या भाषेतली पहिली ओळ लिहिली ती हीच. दिवस म्हणजे रात्री बारा ते रात्री बारा. बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. ती वीट काढली तर वरचं सगळं खाली येईल."

"येऊ दे. उभं राहून तरी कोणाला सावली मिळतेय?"

"माझ्याने आता होत नाही."

"माहीत आहे." वहिनींनी पदराने कपाळ टिपलं. "मला काय दिसत नाही? दमलेल्या माणसाला भिंत लिंपायचा कंटाळा येतो, मग तो भेगेवर कॅलेंडर टांगतो. आपल्या घरात आता भिंत दिसत नाही भाऊजी, नुसती कॅलेंडरं. आणि ती मीच टांगली, खिळा ठोकून. तुमच्या भाषेला मी कंटाळले नाही. 'कृपया लक्षात घ्यावे' ला कंटाळले. यापुढे मी एकही टीप लिहिणार नाही. खोलीला कुलूप लावायचं असेल तर लावा, मी किल्ली सांभाळीन. पण टीप नाही."

बस आली. भाऊजी उठले नाहीत. वहिनींनी चालकाला हाताने 'जा' असं सांगितलं आणि पुन्हा बसल्या. बस वळणावर दिसेनाशी झाल्यावर भाऊजी म्हणाले, "दादा हसेल. म्हणेल, वहिनीने संप केला."

"ते म्हणतील, मूळ ग्रंथ सापडेल आता."

भाऊजींच्या नाकातून हसण्यासारखं काहीतरी निघालं.

कुलूप लागलं नाही. दुसऱ्या दिवसापासून भाऊजींनी खोलीचं दार लोटून घेतलं. यजमान ताट घेऊन आत जायचे आणि तोंड वाकडं करून बाहेर यायचे. "पाडापाडी चाललीय. सगळीकडे विटा." वहिनी पुस्तक उघडत नव्हत्या. दुपारी त्या पडायच्या, आणि कोणी उठवायला येत नाही याचंच त्यांना नवल वाटायचं. कधी कधी मात्र जाग यायची आणि भीती वाटायची, की आपण त्या माणसाकडून त्याचं सगळंच काढून घेतलं की काय.

एका दुपारी दार वाजलं. सवयीने त्यांना वाटलं, आली टीप.

भाऊजी दारात होते. दाढी वाढलेली. "टीप नाही," ते आधीच म्हणाले. "विचारायला आलोय. दिवस म्हणजे काय लिहू? बारा काढून टाकले. त्यांच्या जागी काय ठेवायचं ते कळत नाही. सूर्योदय ठेवला, तर रात्रपाळीवाल्याचं पुन्हा तेच."

वहिनी उठून बसल्या. बराच वेळ त्यांनी विचार केला, आणि मग त्यांना भिंतीला टेकलेलं ते डोकं दिसलं.

"तात्या काय म्हणाले होते? मी झोपलो नाही, माझा कालच चालू आहे."

"ते गमतीने म्हणाले."

"गमतीने नाही हो. दमून म्हणाले. माणसाचा दिवस झोपून उठल्यावर सुरू होतो भाऊजी, आणि पुन्हा झोपला की संपतो. बारा वाजतात ते घड्याळाचे, कारण त्याला झोप नाही."

भाऊजी चौकटीला हात लावून उभे राहिले. ओठ हलत होते. मनात विटा मांडत असावेत. मग ते वळले, आणि खोलीतून टकटक सुरू झाली.

डेपोत ते पुन्हा गेले तेव्हा मॅनेजरबाईंनी त्यांना बसा म्हटलं, पण जरा उशिराने म्हटलं. "सही लगेच होणार नाही, आधीच सांगते. यादी हातानेही करू आणि यंत्रानेही. दोन्ही जुळतात का ते बघू. मग पुढचं."

"बरोबर आहे," भाऊजी म्हणाले. वहिनींनी त्यांच्याकडे चमकून पाहिलं. भाऊजी वाद न घालता 'बरोबर आहे' म्हणाल्याचं त्यांच्या तरी आठवणीत नव्हतं.

कारकुनाने संगणकासमोर बसून लिहिलं. तात्यांची रात्रपाळी, दहा ते सहा, एकाच ओळीत. मग बाराची घाटाची गाडी. त्याने बोट वर धरलं, वहिनींकडे पाहिलं, आणि कळ दाबली.

पडद्यावर उत्तर आलं: *तात्या: विश्रांती. पाळी देता येत नाही.*

कारकुनाने एवढा मोठा श्वास सोडला की कागद उडाले.

"टीप पाहू का?" त्याने भीत भीत विचारलं.

"आता तिथे काही नाही," वहिनी म्हणाल्या. त्यांनी बरोबर आणलेलं पुस्तक टेबलावर ठेवलं. ते पूर्वीपेक्षा बरंच बारीक झालं होतं. अजून पुष्कळ टिपा उरल्या होत्या. शून्याची होती, सारख्या नावांची होती, आणि त्या काढता काढता कदाचित दोघंही थकून जाणार होते. पण दिवसाच्या पानावर आता एकच ओळ होती: *दिवस म्हणजे एका झोपेपासून दुसऱ्या झोपेपर्यंतचा वेळ.*

भाऊजींनी ते पान वाचलं. खालच्या मोकळ्या जागेत त्यांची बोटं उगीच घुटमळली.

"खाली काहीच नको?"

"काहीच नको."

"ओकंबोकं दिसतं हो."

"दिसू दे. चला, घरी जाऊन पडू जरा. आपलाही काल फार लांबलाय."

बाहेर बाकावर ते बसची वाट बघत बसले. बस आली तेव्हा भाऊजींचं डोकं बाकामागच्या खिडकीच्या गजाला टेकलं होतं आणि ते घोरत होते. वहिनींनी चालकाला पुन्हा हातानेच 'जा' असं सांगितलं, आणि पुस्तक हळूच त्यांच्या मांडीवरून काढून आपल्या मांडीवर घेतलं. या वेळी मुंग्या आल्या नाहीत.